कथावाङ्मयातील जैन

आमच्या कथाकादंबऱ्यांत जैन म्हटला की तो बहुधा मारवाडी सावकार, गादीवर चोपडी उघडून बसलेला असावयाचा! या लेखकांनी एकवार शिरोळास यावे. कृष्णा-पंचगंगेच्या या काळ्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे जैन शेतकरी गावोगाव आहेत. शेजारच्या कुंभोजास जैन घराण्यातच जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून गोरगरिबांच्या मुलांस शिक्षणाची वाट मोकळी केली. अशी माणसे आमच्या वाङ्मयात क्वचितच येतात. मग पुण्यामुंबईच्या वाचकास ती ठाऊक कोठून असणार? शिवाय कर्जाच्या पाशाचे मूळ व्यवहारात न शोधता जातिधर्मात शोधण्याची खोड त्यास लागते, ती निराळीच. आणि त्या मारवाड्याचे तरी यथार्थ चित्र कोठे उतरले आहे? दुष्काळात उधारी बुडाल्याने हबकलेला, आजारी मुलाच्या उशाशी जागणारा मारवाडी आम्हांस तेथे सहसा भेटत नाही.