नोकरीच्या उंबरठ्यावर थांबणारे आत्मकथन : मराठी आत्मपर लेखनातील व्यवसायांतराचा विचार

प्रास्ताविक

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण परभणी परिसरात आजही लोकांच्या तोंडी आहे. मात्र ती उच्चारणाऱ्या बहुतेकांनी आपल्या मुलांपुरता तिचा क्रम केव्हाच उलटा केलेला असतो. या उलटापालटीच्या खुणा भाषेतही सापडतात. मराठी माणूस काम करतो, धंदा टाकतो, चाकरी धरतो. नोकरी मात्र त्याला ‘लागते’. पहिल्या तिन्ही क्रियापदांत कर्ता माणूस आहे. चौथ्यात तो बाजूला उभा राहतो आणि बाहेरून काहीतरी येऊन त्याला चिकटते. ज्या समाजात पोटाचा उद्योग शतकानुशतके जन्माने ठरत आला, त्या समाजात काम बदलणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. म्हणूनच केलेल्या आणि सोडलेल्या कामांकडे मागे वळून पाहणाऱ्या लेखनाला मराठीत वेगळे महत्त्व प्राप्त होते.

दलित, भटक्या-विमुक्त आणि ग्रामीण आत्मकथनांची समीक्षा आजवर प्रामुख्याने जात, भूक, भाषा आणि विद्रोह या अंगांनी झाली. ती आवश्यकच होती. परंतु या पुस्तकांतील श्रमाचे, म्हणजे प्रत्यक्ष हातांनी केलेल्या कामाचे, वर्णन कोठे भरते आणि कोठे विरते याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बारकाईने वाचल्यास एक गोष्ट जाणवते. लेखक जी कामे मागे टाकून आला त्यांचे तपशील तो सविस्तर देतो. ज्या नोकरीच्या पगारावर त्याला लिहिण्याची सवड मिळाली, ती नोकरी मात्र मजकुरात आक्रसून जाते. आत्मकथन नोकरीच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि तेथे थांबते, किंवा उंबरठा ओलांडताच त्याचा आवाज बदलतो. असे का होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

निर्णय घेणारा आणि झळ सोसणारा

या प्रश्नाची पार्श्वभूमी म्हणून आधीच्या परंपरेकडे धावती नजर टाकणे पुरेसे आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईतील शाळा आणि शिकवण्या, १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन, १८९६ पासून विधवांसाठीचे संस्थाकार्य हा त्यांच्या आयुष्याचा क्रम आहे. यातील प्रत्येक वळण कर्वे हिशेबाच्या वहीतील नोंदीसारखे मांडतात. गरिबी होती, तरी एक काम सोडून दुसरे धरण्याचा अधिकार आपला आहे याविषयी निवेदकाला शंका नाही.

त्याच काळातील दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते. नारायण वामन टिळकांनी किती गावे आणि किती पोटापाण्याची साधने बदलली याची मोजदाद वाचकाला करता येत नाही, इतक्या वेळा या संसाराचे बिऱ्हाड हलते. टिळकांनी स्वतः हे लिहिले असते तर कदाचित ती एका शोधक मनाची यात्रा ठरली असती. लक्ष्मीबाई तीच गोष्ट स्वयंपाकघराच्या बाजूने सांगतात आणि सोडलेल्या प्रत्येक नोकरीची किंमत भांड्यांत, उसनवारीत आणि माहेरच्या वाटेत मोजली जाते. तक्रारीचा सूर न लावता त्यांनी हे साधले आहे. व्यवसायांतराचे मराठीतील सर्वांत मोकळे चित्रण ज्या पुस्तकात आहे, तेथे नोकरी सोडणारा एक आणि सांगणारी दुसरी आहे, ही बाब पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे.

बलुत्यापासून पगारापर्यंत

शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या शीर्षकातच एक व्यवसायांतर सामावलेले आहे. तराळकी हे गावकीचे काम. त्याला वेळ नाही, रजा नाही, ठरलेला मोबदला नाही आणि नकाराची सोय नाही. आटपाडीच्या तराळाचा मुलगा वकील होतो, लेखक होतो आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. परभणीची महाविद्यालये १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ होईपर्यंत त्याच विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणून येथील वाचकाला या प्रवासाविषयी विशेष आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही वाङ्मयीन निकष लावला तर तराळकीची पाने आणि अधिकारपदाची पाने सारख्या तोलाची नाहीत, हे मान्य करावे लागते. पहिल्यांत शरीर आहे, दगदग आहे, बापाचे पाय आहेत. दुसऱ्यांत जबाबदाऱ्या आणि प्रसंग आहेत. गावाची हाक आली की अंगात काय होत असे, हे लेखक सांगू शकतो. कुलगुरूच्या खुर्चीत बसल्यावर अंगात काय झाले, हे तितक्या थेटपणे येत नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ही अडचण ओळखली होती असे म्हणण्यास जागा आहे. बलुते म्हणजे कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. मात्र महाराच्या बाबतीत तो हक्क आणि भीक यांच्या सीमेवर ठेवलेला. या व्यवस्थेतून बाहेर पडलेला बाप मुंबईच्या सुक्या गोदीत काम करतो. धान्याऐवजी हातात रोख पैसा येतो. गावात ज्याच्या कामाला किंमत नव्हती त्याच्या श्रमाला शहरात दर मिळतो. मात्र कावाखान्याच्या परिसरातील बायका रस्त्यावरचे कागद आणि चिंध्या वेचून विकतात, हे दृश्य लागलीच त्या पगाराची मर्यादा दाखवते. स्थलांतराने काम बदलले, कामाची उतरंड मात्र पुन्हा उभी राहिली. हे पवार कोठेही सिद्धान्त म्हणून सांगत नाहीत. ते केवळ कोण काय वेचत होते आणि कोठे विकत होते एवढे सांगतात.

या पुस्तकाच्या रचनेविषयी बरेच लिहिले गेले आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. ही विभागणी सामान्यतः दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे प्रतीक म्हणून वाचली जाते. कामाच्या दृष्टीने पाहिल्यास तिचा आणखी एक अर्थ लागतो. सांगणारा दगडू हा बलुत्याच्या जगातला आहे. ऐकणारा कारकुनी करणारा, पांढरपेशा वस्तीत वावरणारा कवी आहे. नोकरी या पुस्तकात घटना म्हणून थोडी आहे, ती ऐकणाऱ्याची जागा म्हणून अधिक आहे. ज्या खुर्चीत बसून भूतकाळ ऐकला जातो ती खुर्ची पवारांनी निदान वाचकाला दाखवली. नंतरच्या अनेक आत्मकथनांनी ती झाकून ठेवली.

प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये हे झाकणे वेगळ्या रीतीने घडते. लिहिणारा लेखक औरंगाबादेत महाविद्यालयीन अध्यापक आहे. पुस्तकात मात्र त्या अध्यापकाचा वावर फारसा नाही. सुट्या आठवणींच्या रूपात बहिणीच्या आश्रयाने वाढणारा पोर आणि त्याच्या वाट्याला आलेली पडेल ती कामे तेवढी उरतात. या निवडीमुळे पुस्तकाला एक निरागस सलगता मिळाली, हे खरे. पण मराठवाड्यातील पहिल्या पिढीचा दलित प्राध्यापक वर्गात, अध्यापक-कक्षात, भाड्याची खोली शोधताना काय अनुभवत होता, हे समजण्याची एक संधीही त्यामुळे हुकली.

‘उचल्या’ आणि ‘झोंबी’ : दोन टोके

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि आनंद यादव यांचे ‘झोंबी’ ही दोन्ही पुस्तके १९८७ साली आली आणि दोन्हींना पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. श्रमाच्या चित्रणाच्या बाबतीत ती दोन टोकांना आहेत.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर चोरी हा त्यांचा जन्मजात पेशा असल्याचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. गायकवाड चोरीच्या शिक्षणाचे वर्णन एखाद्या हस्तकौशल्याच्या उमेदवारीसारखे करतात. मार खाऊनही नाव न सांगण्याचा सराव, हाताची सफाई, कामाची वाटणी, मिळकतीचे हिस्से असा सगळा अभ्यासक्रमच तेथे उभा राहतो. हे वर्णन वाचकाला अस्वस्थ करते, कारण कौशल्याविषयीचा आदर आणि गुन्ह्याविषयीचा तिटकारा यांची त्याच्या मनात सरमिसळ होते. यानंतर लातूरची सूतगिरणी येते. ज्याच्या जमातीला कोणी कामाला ठेवत नव्हते, त्याला हजेरी आणि पगार मिळतो. पण गायकवाड तेथे स्थिरावत नाहीत. कामगार संघटनेत पडल्यामुळे नोकरी जाते आणि पुन्हा निरनिराळ्या लहानसहान धंद्यांची धडपड सुरू होते. नोकरी ‘लागली’ आणि कहाणी संपली, हा आकृतिबंध ‘उचल्या’त मोडतो. या भागाकडे समीक्षेने चळवळीची पूर्वतयारी म्हणून पाहिले. वास्तविक तो स्वतंत्र महत्त्वाचा आहे, कारण नोकरी हा शेवटचा थांबा नाही हे त्यात अनुभवाने कळते.

‘झोंबी’त शत्रू शेतीच आहे, निदान मुलाच्या बाजूने. कागलच्या कुळवाडी घरातील मुलाला शिकायचे आहे आणि बापाला मळ्यात हात हवे आहेत. वाचकाची सहानुभूती अर्थातच मुलाकडे जाते. पण खंडाच्या जमिनीवर राबणाऱ्या बापाच्या दृष्टीने मोटेवरचा एक पोर कमी होणे म्हणजे काय, हा हिशेबही पुस्तकातच आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या कामाचा इतका राग आहे त्याचेच वर्णन इतके जिवंत का उतरले? मोट, पाणी, जनावरे, वैरण यांची नेमकी भाषा त्या रागानेच टिकवली असावी. पुढच्या खंडांची शीर्षके पाहावीत : ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’. मातीकडून घराकडे आणि घराकडून काचेकडे जाणारा हा क्रम लेखकाच्या आत्मज्ञानाची साक्ष देतो. यादवांनी आपले नागरी आयुष्यही लिहिले, हे त्यांचे श्रेय होय. मात्र महाविद्यालयीन अभ्यासक्रमांनी आणि सामान्य वाचकांनी जवळ केले ते प्रामुख्याने ‘झोंबी’लाच, शालान्त परीक्षेच्या आसपास थांबणाऱ्या खंडाला. उंबरठ्यावर थांबण्याची सवय लेखकाइतकीच वाचकालाही जडलेली आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, बालपणाची स्मृती सर्वत्रच अधिक गडद असते आणि त्यात मराठीचे वेगळेपण नाही. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. पण त्याने सर्व उलगडा होत नाही. सरकारी वा संस्थेच्या सेवेतील माणसाला सेवाशर्ती असतात, सहकारी हयात असतात, वरिष्ठांचा शेरा असतो. गावातील अन्याय करणाऱ्याचे नाव घेता येते, कारण ते गाव सोडलेले असते. कचेरीतील जात ही शिवी देत नाही; ती पाण्याच्या माठापाशी, बढतीच्या टिपणीत, जेवणाच्या डब्याभोवती वावरते. तिचे चित्रण करायला वेगळी लेखणी लागते आणि मोठी जोखीमही घ्यावी लागते.

कचेरीतला परभणीकर

ही लेखणी परभणीत होती. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी निजामी राजवटीत येथील बांधकाम खात्यात कारकुनी केली. राज्याची भाषा उर्दू, लेखनाची भाषा मराठी. दिवसा दफ्तर आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबरी. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सत्ता बदलली, दफ्तराचे रूप पालटले, कारकून तोच राहिला. वेगवेगळी कामे करत फिरलेल्या माणसांच्या शेजारी हा एकाच कामाला जखडलेला माणूस ठेवून पाहणे उद्बोधक आहे. त्यांना आत्मचरित्र लिहिण्याइतके आयुष्य मिळाले नाही. परंतु त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतील निम्नमध्यमवर्गीय मराठवाडी माणसे, त्यांची तुटपुंजी मिळकत आणि दबलेली आशा यांत नोकरीच्या आतील जीवन जितके येते तितके ते पुढील पिढीच्या आत्मकथनांत अभावानेच आढळते. कल्पित साहित्याने त्यांना जो आडोसा दिला तो आत्मकथनाला उपलब्ध नसतो. तरीही मराठवाड्यातील आत्मकथनांच्या चर्चेत त्यांचे नाव निघत नाही, ही समीक्षेची उणीव समजावी लागेल.

न लिहिलेली कामे

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये एका समूहाचे जगणे आहे. त्या स्वतः फलटणला लहानसे दुकान चालवत आणि तेथेच, घरच्यांपासून लपवून, लिहीत. हा तपशील मुख्यतः इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीतून कळतो. पुस्तकात दुकानाला जवळजवळ स्थान नाही. ज्या गल्ल्यापाशी पुस्तक घडले तो गल्ला लिहिण्यायोग्य वाटला नाही. स्त्रीने केलेला धंदा तिला स्वतःलाही संसाराचा भाग वाटावा, इतकी ही सवय खोल आहे.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा विचार येथे टाळता येत नाही. मुकादमाकडून उचल घेताना पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोन माणसांच्या श्रमाची मोजणीच एका अवजाराच्या नावाने होत असेल, तर त्यातील बाईने पुढे आपल्या कामांची आठवण कोणत्या नावाने सांगावी? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, नंतर शेतमजुरी, ऊसतोड आणि म्हातारपणी शहरात धुणीभांडी केलेल्या बायका या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या कथनात ‘नोकरी’ हा शब्द केवळ मुलाच्या वा नातवाच्या संदर्भात येतो. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ही कथने नोंदवणे मराठी, समाजशास्त्र आणि इतिहास या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे आहे.

आत्मकथनाचा जो आकृतिबंध शिक्षण आणि नोकरी यांच्या भरवशावर उभा राहिला, तो भरवसा आता उरलेला नाही. दया पवार, सोनकांबळे, यादव यांच्यानंतरच्या पिढीतील कित्येकजण सेट, नेट, पीएच.डी. करून तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी ‘झोंबी’ वर्गात शिकवायची आणि दुपारी गावाकडे जाऊन त्याच प्रकारच्या शेतात उभे राहायचे, असा ज्यांचा दिवस आहे त्यांच्या बाबतीत मागे टाकलेले काम आणि हाती असलेले काम असा भेदच करता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून मानधनही नसते. त्या महिन्यांत ते काय करतात, हे त्यांच्याच महाविद्यालयातील कायम सहकाऱ्यांना बहुधा ठाऊक असते. त्यावर अजून कोणी पुस्तक लिहिलेले नाही.