हिरोडोटसची मापे आणि मराठी अनुवादक

हिरोडोटसच्या 'इतिहासा'च्या पाचव्या खंडात एक लहानसा प्रसंग आहे. इ. स. पूर्व ४९९च्या सुमारास मायलिटसचा ॲरिस्टॅगोरस स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याच्याकडे मदत मागण्यास येतो. इराणच्या सत्तेविरुद्ध आयोनियातील ग्रीकांना उठाव करावयाचा आहे आणि त्यासाठी स्पार्टाचे सैन्य हवे आहे. ॲरिस्टॅगोरसजवळ काशाचा एक पत्रा आहे. त्यावर सारी पृथ्वी, समुद्र आणि नद्या कोरलेल्या आहेत. त्यावर बोट फिरवीत तो एकाला लागून एक असे देश दाखवतो आणि अखेर सूसा नगरावर येऊन थांबतो. राजाचा खजिना तेथे आहे. क्लिओमेनीस विचारासाठी अवधी मागून घेतो. तिसऱ्या दिवशी तो इतकेच विचारतो, की समुद्रापासून राजापर्यंत किती दिवसांची वाट आहे. ॲरिस्टॅगोरस खरे उत्तर देतो : तीन महिन्यांची. पुढे काही ऐकून न घेता क्लिओमेनीस त्याला सूर्यास्तापूर्वी स्पार्टा सोडण्यास सांगतो.

हा प्रसंग मापाचा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पत्र्यावर देश होते, अंतर नव्हते. बोटाने दाखवलेली पृथ्वी जवळची आणि सोपी वाटत होती. ती दिवसांत मोजली जाताच स्पार्टाच्या राजाचा निर्णय झाला. ॲरिस्टॅगोरस एरवी चतुर असूनही येथे चुकला, असे हिरोडोटस म्हणतो. सैन्य हवे होते तर त्याने खरे सांगावयास नको होते, हा त्याचा अभिप्राय.

एवढ्यावर न थांबता हिरोडोटस कथा बाजूला ठेवून स्वतः वाट मोजावयास बसतो. सार्डिसपासून सूसापर्यंतच्या राजमार्गावर १११ मुक्काम आहेत. एकंदर ४५० परसंग. एक परसंग म्हणजे ३० स्टेडियन, तेव्हा अंतर १३,५०० स्टेडियन. रोजची मजल १५० स्टेडियनांची धरली तर बरोबर नव्वद दिवस लागतात. मग तो एक दुरुस्ती करतो. समुद्रावरच्या इफिससपासून सार्डिसपर्यंतचे ५४० स्टेडियन ॲरिस्टॅगोरसच्या हिशेबात नाहीत. त्यांचे आणखी तीन दिवस. ज्याने खरे सांगितले त्याचे सत्यही तीन दिवसांनी अपुरे होते, हे दाखवण्यासाठी लेखकाने दोन प्रकरणे खर्ची घातली आहेत. चोखंदळ वाचकाला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. ५४० स्टेडियन तीन दिवसांत कापावयाचे तर रोजची मजल १८०ची होते. सिथियाच्या वर्णनात तर हाच लेखक एका दिवसाचे २०० स्टेडियन धरतो. दिवस हे माप चालणाऱ्याप्रमाणे बदलते, आणि हिरोडोटसला त्याची खंत दिसत नाही.

मापाविषयी त्याची दृष्टी दुसऱ्या खंडात अधिक स्पष्ट होते. इजिप्तच्या किनाऱ्याची लांबी सांगताना तो म्हणतो, की ज्यांची जमीन थोडी ते ती ऑर्गियांत मोजतात. त्याहून अधिक असणारे स्टेडियनांत, पुष्कळ असणारे परसंगांत आणि अमाप असणारे स्कोइनसांत. स्कोइनस हे इजिप्तचे माप, ६० स्टेडियनांचे, परसंग इराणचे, ऑर्गिया आणि स्टेडियन ग्रीकांचे. इजिप्तचा किनारा ६० स्कोइनस, म्हणजे ३,६०० स्टेडियन. या साध्या विधानात माप हे मोजणाऱ्याच्या ऐपतीचे चिन्ह झाले आहे. कोणी कशाने मोजले हे कळले, की तो कोणत्या जगात राहतो हेही कळते.

आता ही मापे मुळात काय होती ते पाहू. ऑर्गिया म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात इ. स. पूर्व पाचव्या शतकातील एक संगमरवरी शिल्प आहे. त्यात पसरलेल्या बाहूंचा पुरुष आणि त्याच्या बाहूवर एक पाऊल कोरलेले आहे. मेरिस सरोवराच्या संदर्भात हिरोडोटस सारे कोष्टकच देतो : शंभर ऑर्गिया म्हणजे एक स्टेडियन, एक ऑर्गिया म्हणजे सहा पाऊल किंवा चार हात, पाऊल चार तळव्यांचे आणि हात सहा तळव्यांचा. तळवा म्हणजे येथे चार बोटांची रुंदी. म्हणजे हात चोवीस बोटांचा, वीत बारा बोटांची आणि ऑर्गिया शहाण्णव बोटांची झाली.

हे आकडे मराठी वाचकाला अपरिचित वाटू नयेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त हस्त चोवीस अंगुळांचा आणि दंड चार हस्तांचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शहाण्णव अंगुळांच्या मापाला 'पौरुष' असेही नाव आहे. यावरून कोणी कोणाकडून घेतले असा वाद घालण्याचे कारण नाही. माणसाचा हात दोन्हीकडे सारखाच असतो. आपल्याकडे बोट, वीत, हात आहेत, आणि पसरलेल्या बाहूंच्या मापाला 'वाव' हा शब्दही आहे. 'ओडिसी'त ओटस आणि एफिआल्टीस हे दोन भाऊ नवव्या वर्षीच नऊ हात रुंद आणि नऊ वाव उंच होतात. मराठीत हे असेच्या असे उतरते. त्याऐवजी 'सुमारे साडेसोळा मीटर उंच' असे लिहिले तर ती इमारत होते, मुले राहत नाहीत.

इंग्रजीची तशी सोय नव्हती. रॉलिन्सन आणि गॉडली यांनी स्टेडियनासाठी 'फर्लांग' हा शब्द घेतला. तो शब्द मुळात नांगराच्या एका तासाच्या लांबीवरून आला, म्हणून मातीशी त्याचे नाते आहे, हे खरे. पण फर्लांग सुमारे २०१ मीटरचा, आणि स्टेडियन सर्वसाधारणपणे १८५ मीटरचा धरतात. इजिप्तच्या किनाऱ्यावर हा फरक ५८ किलोमीटरांचा होतो. इंग्रजीवरून अनुवाद करणारा मराठी लेखक हा फर्लांग तसाच उचलतो, तेव्हा ग्रीक माप जाते, इंग्रजी येते, आणि मराठीचे स्वतःचे माप कपाटातच राहते.

यावर आक्षेप येईल, की वाचकाला अंतर समजावयाचे तर किलोमीटर देणेच बरे. पण स्टेडियन सर्वत्र एक नव्हता. ६०० पावलांचा स्टेडियन हे प्रमाण तेच. परंतु ऑलिंपियाची धाव सुमारे १९२ मीटर आणि डेल्फीची सुमारे १७८ मीटर भरते. ऑलिंपियाची धाव हेराक्लिसने स्वतःच्या पावलांनी मोजली म्हणून ती लांब, अशी कथा होती. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडियन काढला. नंतर तो २,५२,००० असा सांगितला जाऊ लागला. पहिला आकडा १८५ मीटरने गुणला तर ४६,२५० किलोमीटर येतात, दुसरा १५७.५ने गुणला तर ३९,६९०, म्हणजे आजच्या मापाच्या अगदी जवळ. उत्तर बरोबर यावे म्हणून स्टेडियन निवडण्याचा मोह विद्वानांनाही आवरलेला नाही. किलोमीटरात दिलेला नेमका आकडा अनेकदा मूळ लेखकाचा नसतो, रूपांतर करणाऱ्याचा असतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या आपल्या घरांना हे सांगावयास नको. बिघा हा शब्द माळव्यात एक क्षेत्र दाखवतो, गुजरातेत दुसरे. जुने कागद वाचताना कोणत्या गावचा बिघा हे आधी विचारावे लागते. नाव तेच म्हणून माप तेच असे समजणारा त्या कागदातून चुकीची जमीन वाचतो.

म्हणून अनुवादकाने पुढील पथ्य पाळावे असे वाटते. जी मापे शरीराची आहेत त्यांना आपले शब्द द्यावेत : बोट, वीत, हात, वाव. जी मापे एका समाजाची आहेत, म्हणजे स्टेडियन, परसंग, स्कोइनस, ती त्यांच्याच नावाने ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एकदा समजावून सांगावीत. मुक्काम आणि मजल यांसाठी मराठीत चांगले शब्द आहेतच. किलोमीटर फार तर तळटीपेत, 'सुमारे' या शब्दासह असावेत. क्लिओमेनीसला 'अडीच हजार किलोमीटर' असे उत्तर मिळाले, तर रेल्वेने प्रवास करणाऱ्या वाचकाला त्याचा नकार भित्रेपणाचा वाटेल. समुद्रापासून तीन महिने दूर चालत गेलेले सैन्य डोळ्यांसमोर आले, म्हणजे तो का उठून गेला हे कळते.