भिंतीतल्या फटीतून शिकलेली भाषा

इंग्रजी सुधारायचं तर जुन्या कादंबऱ्या वाच, असं कॉलेजात कुणीतरी सांगितलं. मोबाइलवर फुकट मिळाली म्हणून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ उतरवून घेतली. घाटकोपरहून अंधेरीला जाताना मेट्रोच्या दाराशी उभी राहून वाचायची. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ उघडतो, तो वहीत उतरवायचा. महिनाभरात दोनेकशे शब्द जमले. गोष्ट मात्र फारशी पुढे सरकली नव्हती.

मग मधली प्रकरणं आली आणि लक्षात आलं, की मी जे करतेय तेच या पुस्तकात चाललंय.

सिनेमातला राक्षस गुरगुरतो. कादंबरीतला बोलतो, आणि सगळ्यांत सुंदर तोच बोलतो. निर्मात्याने टाकून दिलेला तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपतो आणि भिंतीतल्या फटीतून घरातल्या माणसांकडे बघत भाषा शिकतो. त्याचे पहिले शब्द विस्तव, दूध, पाव, लाकूड. पुढे ‘चांगला’, ‘प्रिय’, ‘दुःखी’ हे शब्द त्याला ओळखू येतात, पण वापरता येत नाहीत. १८१८ साली कादंबरी आली, त्याच वर्षी वॉल्टर स्कॉटने परीक्षण लिहिलं. कौतुक भरपूर केलं, पण भिंतीच्या भोकातून कुणी बोलायला-वाचायला शिकतं हे त्याला पटलं नाही.

स्कॉटने माझ्या आईला भेटायला हवं होतं. लग्न होऊन ती भटवाडीत आली तेव्हा तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. पूर्वेला चार गुजराती घरांत पोळ्या लाटता लाटता ती गुजराती शिकली. तिचे पहिले शब्द मीठुं, पाणी, रोटली, काले. शिकवलं कुणीच नाही. वर्षभरात तिला सगळं कळायला लागलं. आतल्या खोलीत आपल्याबद्दल काय बोलतात, तेही.

कादंबरीतलं दुखणं नेमकं हेच आहे. भाषेबरोबर राक्षसाला संपत्ती, घराणं, दारिद्र्य हेही शब्द मिळतात, आणि यातलं आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न पडतो. उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं. शब्द वाढतात तसं आपलं उणेपण मोजायचं मापही हाती येतं, हे शब्दसंग्रह वाढवा म्हणणारे सांगत नाहीत.

वहीतला पहिला शब्द होता ‘रेच’. अ‍ॅपने दोन अर्थ दिले, दुर्दैवी आणि नीच. एकाच शब्दात दोन्ही कसे, ते कळेना. मग आजी आठवली. ती ‘करंटा’ म्हणायची तेव्हा कीव करतेय की शिवी देतेय, हे तिच्या आवाजावरूनच समजायचं. फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीला पहिल्याच रात्री हा शब्द चिकटवतो. पुढे राक्षस स्वतःलाच तो लावून घेतो. त्याच्या तोंडी कीव उरते, फ्रँकेन्स्टाइनच्या तोंडी शिवी. हे डिक्शनरीत नव्हतं, आजीत होतं.

शेवटी राक्षस धीर करून त्या झोपडीत शिरतो. घरात आंधळा म्हातारा एकटाच असतो. त्याला समोरच्याची भाषा ऐकू येते, तोंड दिसत नाही, म्हणून तो प्रेमाने ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने मारतो. आईला फोनवर लोक गुजरातीच समजतात. दारात उभी राहिली की पुन्हा ‘पोळीवाली बाई’. तिला काठीचा मार बसला नाही, हे खरं. पण भाषा उत्तम आली तरी दाराची कडी आतूनच निघते, एवढं मेरी शेलीला १८-१९व्या वर्षी कळलं होतं.

आणि एक गोष्ट. कादंबरीची हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत पर्सी शेलीने केलेले बदल दिसतात. मेरीने ‘स्मॉलनेस’ लिहिलं तिथे ‘माइन्यूटनेस’, ‘टॉक्ड’ होतं तिथे ‘कन्व्हर्स्ड’, ‘हॅव्ह’च्या जागी ‘पझेस’. अभ्यासक चार्ल्स रॉबिन्सन यांच्या मते पर्सीचे किमान ४ ते ५ हजार शब्द कादंबरीत आहेत. म्हणजे मी घोकत होते त्यांतले काही भारदस्त शब्द मेरीचे नव्हतेच. तिचे साधे शब्द खोडून ते वर बसवलेले होते.

सगळे बदल वाईट नसतील. पण साधा शब्द म्हणजे कमी शिकलेला, या समजुतीवर मी दहावीपासून जगत होते, तिला तडा गेला. वही मी फेकलेली नाही. मागच्या पानापासून उलट बाजूने दुसरी यादी सुरू केली आहे. तिची सुरुवात विस्तव, दूध, पाव, लाकूड अशी आहे. त्याखाली मीठुं, पाणी, रोटली, काले. ते आईने सांगितले, मी लिहून घेतले.