नेम आणि मन

आपल्या घरांतून नेमबाजीचा विषय निघाला, कीं द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या परीक्षेची गोष्ट निघावयाचीच. झाड दिसत नाहीं, फांदी दिसत नाहीं. दिसतो तो केवळ पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा हा धडा आपण पिढ्यान्पिढ्या मुलांना देत आलों आहों. परंतु त्याच अर्जुनाच्या हातून पुढें कुरुक्षेत्रावर गांडीव गळूं लागलें, अंगास कंप सुटला, तोंडास कोरड पडली, याचें त्या वेळीं आपणांस स्मरण होत नाहीं. त्या कंपाचें कारण निराळें होतें, हें खरें. तथापि शिकलेला हात ऐन प्रसंगीं कां कांपावा, हा प्रश्न उरतोच. श्री. अभिनव बिंद्रा यांचें रोहित ब्रिजनाथ यांच्या सहकार्यानें लिहिलेलें 'अ शॉट ॲट हिस्टरी' हें इंग्रजी आत्मचरित्र (२०११) याच प्रश्नाभोवतीं फिरतें, म्हणून आम्हांस तें विचारार्ह वाटतें.

या खेळाचें स्वरूप प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एअर रायफलच्या स्पर्धेंत लक्ष्य दहा मीटरांवर असतें आणि त्याचा मध्यबिंदु अवघा अर्धा मिलिमीटर रुंद. नाडीच्या ठोक्यानेंहि बंदुकीची नळी हलते. धावणारा आपली भीति पायांत ओतून मोकळा होतो. नेमबाजाला मात्र तीच भीति अंगांत बाळगून निश्चल उभें राहावें लागतें.

२००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें श्री. बिंद्रा पहिल्या फेरींत तिसरे होते. अंतिम फेरींत ते सातवे आले. आपल्या पायांखालची फरशी सैल होती, हें त्यांना मागाहून कळलें. पुढें त्यांनीं मुद्दाम सैल केलेल्या फरशीवर उभें राहून सराव केला! ११ ऑगस्ट २००८ रोजीं बीजिंग येथें अंतिम फेरीपूर्वीं त्यांच्या बंदुकीची दर्शनी बिघडलेली आढळली आणि चांचणीच्या गोळ्या भलतीकडेच गेल्या. थोडक्या वेळांत ती जुळवून त्यांनीं दहा गोळ्या झाडल्या. शेवटच्या गोळीपूर्वीं ते आणि फिनलंडचे हेन्री हाकिनेन बरोबरीस होते. श्री. बिंद्रांचा नेम १०.८ लागला, हाकिनेन यांचा ९.७, आणि ७००.५ गुणांनीं भारताला ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक मिळालें.

हा प्रसंग कोणीहि रंगवून सांगूं शकेल. आम्हांस मोल वाटतें तें लेखकाच्या कबुलीचें. आपण निर्भय होतों, असें ते कोठेंहि म्हणत नाहींत. बीजिंगपूर्वीं ते जर्मनींत सुमारें चाळीस फुटी खांबावर चढले, तें भय घालविण्यासाठीं नव्हे, तर भय असतांनाहि पुढचें पाऊल टाकतां यावें म्हणून. भीति जात नाहीं. मनाला उभें राहणें, श्वास, चाप हें काम नेमून दिलें, म्हणजे तिच्याकडे पाहावयास त्याला सवड उरत नाहीं, हें या पुस्तकाचें सार आम्हीं समजतों.

उलट बाजूहि पाहावी. अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स अथेन्सला आघाडीवर असतां शेवटची गोळी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर झाडून बसले. बीजिंगलाहि आघाडी असतां त्यांची शेवटची गोळी ४.४ वर गेली. याच गृहस्थांनीं अथेन्सला दुसऱ्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें होतें आणि २०१२ सालीं लंडनला पुन्हां कांस्यपदक मिळविलें. एका क्षणाच्या चुकीवरून कोणास भित्रा ठरविणें किती अन्यायाचें आहे, हें यावरून दिसेल.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. लेखकानें केलेल्या नानाविध प्रयोगांपैकीं कोणता खरोखर उपयोगी पडला, याची निवड त्यांनीं वाचकावर सोडली आहे. त्यामुळें ध्यास म्हणजेच यश, असा सोपा अर्थ काढण्यास जागा राहते. सुवर्णपदकानंतर आलेल्या रितेपणाचें वर्णन लेखकानेंच केलें आहे. तें वाचल्यावर हा अर्थ टिकत नाहीं. शिवाय घरींच नेमबाजीची जागा आणि परदेशी मार्गदर्शक, ही अनुकूलता किती जणांस लाभणार? कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीहून निघून २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविणाऱ्या श्री. स्वप्निल कुसाळे यांची हकीकत इतक्याच निःसंकोचपणें मराठींत वाचावयास मिळेल, तर ती आम्हांस हवी आहे.

असो. परीक्षेस निघालेल्या मुलाला 'भिऊं नकोस' असें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. तें त्याच्या हातीं नसतें. म्हणून भीतीबरोबर तिची लाजहि तो घेऊन जातो. त्यापेक्षां, प्रश्नपत्रिका हातीं आल्यावर प्रथम काय करावयाचें, एवढेंच त्याला शिकविलें तर अधिक बरें. बंदूक कधीं न पाहिलेल्या घरांनींहि हें पुस्तक वाचावें, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.