‘शारदा’तील हसू आणि आजची फसवणूक

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठकुमारी विवाहावर प्रहार करणारे नाटक म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. आज मात्र आम्हांस त्यातील भद्रेश्वर दीक्षित या पात्राकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. हा लग्ने जुळविणारा दलाल. वृद्ध भुजंगनाथास तो तारुण्याचा भास घडवितो, तर वधूपिता कांचनभटास द्रव्याचा मोह घालतो. एकाची विवाहाची हौस, दुसऱ्याचा धनलोभ आणि दोघांच्या मध्ये उभा राहून गोड बोलणारा तिसरा, ही त्रयी देवलांनी अचूक हेरली होती.

सव्वाशे वर्षांनंतर भद्रेश्वराच्या हाती मोबाईल आला आहे. आता भुजंगनाथ आणि कांचनभट त्यास निरनिराळे शोधावे लागत नाहीत. एकाच माणसाच्या मनातील दोन्ही कळा तो दाबतो. चुकून आल्यासारखा एखादा संदेश येतो, किंवा विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळावर ओळख होते. छायाचित्र देखणे असते, विचारपूस रोजची असते. कित्येक आठवडे पैशाचा विषयही निघत नाही. मग केव्हातरी क्रिप्टो चलनातील नफ्याची गोष्ट सहज कानावर घातली जाते. दिलेल्या ॲपवर रक्कम वाढताना दिसते, आरंभी थोडी परतही मिळते. विश्वास बसला की ठेव मोडली जाते, दागिने गहाण पडतात, कापसाचा चुकाराही त्याच वाटेने जातो. पैसे काढू म्हटले की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. आपल्या देशात अशा चलनाच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे हे खरे; परंतु तो सरकारकडे भरावयाचा असतो, ॲपवाल्याच्या सांगण्यावरून कुणाच्या खात्यात नव्हे. ही एक गोष्ट ठाऊक असली तरी शेवटचा घाव चुकू शकतो.

हे दुखणे महानगरांचे आहे, असे यवतमाळकरांनी समजू नये. २०२१ साली आपल्याच यवतमाळात एका तरुणास अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, फेसबुकवर स्त्रीचे रूप घेऊन त्याने दिल्लीच्या एका डॉक्टरांना सुमारे दोन कोटी रुपयांस गंडविले होते. त्यातील बरीच मोठी रक्कम पोलिसांनी हस्तगत केली. या प्रकरणात क्रिप्टोचा संबंध नव्हता, पण प्रेमाचे सोंग तेच होते. लक्षात घेण्याजोगे हे की, फसला तो राजधानीतला उच्चविद्याविभूषित मनुष्य, आणि संशयित निघाला तो आमच्या मातीतला. तेव्हा मुलींना सावध करणाऱ्या आईबापांनी मुलांच्या अंगुलिचातुर्याकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे.

येथेच आमचा ‘शारदे’शी मतभेद आहे. भुजंगनाथावर प्रेक्षागृह खदखदून हसते. ते हसू त्या नाटकात न्याय्यच होते. त्याच्या हौसेपायी एका अजाण मुलीचा बळी जाणार होता. परंतु तेच हसू आम्ही पुढे प्रत्येक फसलेल्या एकाकी जिवावर उधळू लागलो. मुले परदेशी गेलेली विधवा, लग्न लांबलेला शेतकरी, निवृत्त शिक्षक यांनी कुणाची बळी घेतला नाही. त्यांना फक्त कुणी तरी बोलावयास हवे होते. ‘या वयात हे काय सुचले?’ हा चावडीवरचा प्रश्न त्यांची जीभ कायमची बांधतो. भद्रेश्वरास याहून मोठा साथीदार कोण मिळणार? लोक हसतील या भीतीने बळी पडलेला मनुष्य गप्प राहतो, आणि गेलेले परत मिळविण्यासाठी आणखी पैसे पाठवितो.

या फसवणुकीस चिनी भाषेतून आलेले एक नाव आहे. डुकरास खाऊ घालून पुष्ट करावयाचे आणि मग कापावयाचे, असा त्याचा आशय. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने हा शब्दप्रयोग सोडून द्यावा असे आवाहन केले. अशा नावाने फसलेल्यांची मानहानी होते व ते पुढे येत नाहीत, हे त्यामागील कारण. शब्दांची निवड हा केवळ साहित्याचा प्रश्न नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस दिसत नाही.

भद्रेश्वराचे चित्रही आता पुरे पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांकडून असली कामे बळजबरीने करवून घेतली जात असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेल्यांत भारतीय तरुणही आहेत. म्हणजे पलीकडचे गोड शब्द लिहिणारा कधी कधी स्वतःच कोंडलेला गुलाम असतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील वृद्ध इसहाक आठवावा. आवाज याकोबाचा वाटूनही हातांच्या स्पर्शावर विसंबून त्याने आशीर्वाद दिला. शंका त्यास आली होती. ती बोलून पाहावी असे जवळ कुणी नव्हते. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांना तसे कुणी असावे. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाने पैशाचा विषय काढला की घरात बोलावे. रक्कम गेलीच, तर लाज न बाळगता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर आणि बँकेस कळवावे. जितकी त्वरा, तितकी ती गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

देवलांनी शारदेस वाचविणारा कोदंड निर्माण केला. भुजंगनाथाच्या एकटेपणाजवळ बसणारे पात्र मात्र त्यांनी लिहिले नाही. ती जागा धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने भरावयाची आहे.