चौदा फुटांची वाट

‘ग्रामयात्रा’ हे एका जागी उभं राहून बघायचं चित्र नाही. उंची जेमतेम तीन फूट आणि लांबी चौदा फुटांच्या घरात. समोर कुठेही पाय रोवले तरी चित्राचं एखादं टोक नजरेतून निसटतंच. मग एक पाऊल सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. एम. एफ. हुसेन यांनी हे चित्र १९५४ साली रंगवलं, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना.

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास किंमत आली. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. त्याआधी आधुनिक भारतीय चित्राच्या लिलावातला उच्चांक होता अमृता शेरगिल यांच्या ‘द स्टोरी टेलर’चा, २०२३ मधले ६१.८ कोटी. तो जवळजवळ दुप्पट किमतीने मोडला. चित्रकार जन्माने पंढरपूरचा, त्यामुळे आपल्या बारामती-इंदापूरच्या बाजूला बातमी जरा जास्तच कौतुकाने फिरली. फिरला मात्र आकडाच. चित्र किती जणांनी नीट पाहिलं असेल, शंका आहे.

आता चित्राकडे येऊ. एकाच लांबट कॅनव्हासवर तेरा चौकटी आहेत. लहान-मोठ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. कुठे स्वयंपाक, कुठे दळण, कुठे लेकरांना सांभाळणं, कुठे गाडीतून निघालेली माणसं. बाया सगळीकडे आहेत आणि जवळपास प्रत्येकीच्या हाताला काम आहे. गेरूचा तांबूसपणा, तपकिरी, मधूनच हिरवा. आकृतींना जाड, ठाम रेषा. १९४८ मध्ये हुसेन आणि त्यांचे चित्रकार मित्र सूझा दिल्लीला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन बघायला गेले होते. तिथून हुसेन दोन गोष्टी घेऊन परतले असं मानलं जातं: गुप्तकालीन शिल्पांतले भरीव देह आणि बसोली लघुचित्रांतले तापलेले रंग. ‘ग्रामयात्रे’त दोन्ही सापडतात, पण उसनवारीसारखी नाहीत. बसलेल्या बाईच्या मांडीचा भार जमिनीवर कसा पडतो, हे शिल्पावरून शिकलेल्या हातालाच कळतं.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. हुसेन यांची उमेदवारी गेली मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात. पोस्टरचं गणित साधं असतं. नायकाचा चेहरा सगळ्यात मोठा, नायिकेचा त्याच्या खालोखाल, बाकीच्यांनी उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसायचं. इथे त्याच माणसाने ते गणित पार उलटं केलं. या चित्रात नायक नाही. दळणारी बाई चित्राच्या मध्यभागी हवी असं नाही, गाडी पुढे हवी असंही नाही. डावीकडून सुरुवात करा नाहीतर उजवीकडून, चित्र हरकत घेत नाही.

बारामती-इंदापूरच्या माणसाला अशी मांडणी परकी वाटू नये. तुकोबांची पालखी दरवर्षी याच रस्त्याने जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, पुढे अकलूज. काटेवाडीत धोतराच्या पायघड्या पडतात आणि रथाभोवती मेंढ्या धावतात. बेलवाडीला घोड्याचं रिंगण होतं. प्रत्येक गाव आपलं एक दृश्य मांडतं आणि वाट पुढे सरकते. अमुक मुक्काम मुख्य, तमुक दुय्यम, असा हिशेब कुणी करत नाही. अर्थात, चित्रकार पंढरपूरचा म्हणून चित्रात वारी शोधत बसणं भाबडेपणाचं होईल. आई वारली तेव्हा हुसेन तान्हे होते, आणि वाढले ते इंदूरला. चित्रात टाळ नाही, पताका नाही. आपल्या डोळ्यांना मात्र चालत बघायची सवय या रस्त्याने लावलेली आहे, आणि ती या चित्रापुढे उपयोगी पडते.

तेराही चौकटी आपापल्या रेषेच्या आत राहतात. एकच आकृती ती शिस्त मोडते. शेतकरी उभा आहे. चित्रातला उभा पुरुष हा एवढाच, आणि क्रिस्टीजच्या जाणकारांनी त्यात चित्रकाराची स्वतःची छाया पाहिली आहे. त्याचा हात चौकटीची रेषा ओलांडून शेजारच्या चौकटीत जातो आणि त्या चौकटीत आहे जमीन. हात तिला पेलतोय की तिचा आधार घेतोय, हे हुसेन यांनी ठरवून दिलेलं नाही. बारा चौकटींत पाळलेला नियम तेराव्या ठिकाणी मोडायचा, आणि तोही फक्त एका हाताएवढा, ही हिंमत आणि हा आवर दोन्ही एकाच वेळी लागतात. पुढे हुसेन यांच्याकडे हिंमत भरपूर राहिली. आवर कमी होत गेला, असं माझं मत. घोड्यांच्या नंतरच्या मालिकांतली कितीतरी चित्रं मी दहा चौरस इंचांच्या या हातावरून ओवाळून टाकीन.

एक तक्रार आहेच. हे गाव फार समाधानी आहे. इथे सावकार नाही, वेशीबाहेरची वस्ती नाही, कोरडी विहीर नाही. १९५४ साली नीरा डाव्या कालव्यामुळे बारामतीचा काही भाग उसाने हिरवा होता आणि इंदापूरचा बराचसा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसलेला. उजनी धरण व्हायचं होतं, पळसदेव गाव अजून जुन्या जागी नांदत होतं. त्या काळच्या इथल्या शेतकऱ्याला चित्रातला निवांतपणा ओळखू आला असता का, कोण जाणे. पण नव्या देशाने स्वतःकडे एकदा मायेने बघून घ्यावं, तशी ही नजर आहे. तेवढी सूट देऊ.

मग ११८ कोटी कशाचे? आमच्या बाजार समितीत डाळिंबाच्या लिलावाला व्यापारी आधी फळ फोडून दाणा बघतो, मगच भाव बोलतो. चित्राच्या लिलावात दाणा बघणं म्हणजे पूर्वइतिहास बघणं: चित्र कुणाच्या हातून कुणाकडे गेलं, मध्ये कुठे होतं, डागडुजी किती झाली. हुसेन यांच्या नावावर नकली माल एवढा फिरतो की हा दाणा सोन्याच्या मोलाचा. ‘ग्रामयात्रे’चा इतिहास एका दमात सांगता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले, युक्रेनमध्ये जन्मलेले नॉर्वेचे डॉक्टर लिऑन एलियास वोलोदार्स्की यांनी १९५४ मध्येच ते विकत घेतलं. त्यांच्या पश्चात १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं आणि कित्येक दशकं तिथल्या एका बोळात टांगलेलं राहिलं. बाजारात कधी आलंच नाही. याच धाटणीचं, याहून लांब असलेलं ‘जमीन’ १९५५ चं. त्याला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, म्हणजे लिलावात येण्याचा प्रश्नच नाही. संग्राहकाने ओळखायचं ते हेच, की अशी संधी दुसऱ्यांदा येणार नाही. चित्र संग्राहक किरण नाडर यांनी घेतल्याच्या बातम्या पुढे आल्या. रुग्णालयाला मिळालेला पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जाणार, असं तेव्हा सांगण्यात आलं.

या सगळ्यात मला खरे पारखी वाटतात ते वोलोदार्स्की. नाडर यांच्यापुढे सत्तर वर्षांची कीर्ती होती. या डॉक्टरांपुढे रंग नुकता सुकलेलं एक गैरसोयीचं लांब कॅनव्हास होतं आणि घरी न्यायचं तर समुद्रापार.

चित्रकारांनी मातीतली माणसं रंगवायची आणि बाजाराने त्यांची किंमत फार उशिरा करायची, अशीच गोष्ट इंडोनेशियाची. तिथले चित्रकार सुजोयोनो यांनी डच साहेबांना आवडणाऱ्या ताडामाडाच्या गोंडस निसर्गचित्रांवर १९३० च्या दशकात कोरडे ओढले आणि मातीतली माणसं रंगवा असं बजावलं. १९७९ मध्ये त्यांनी राजपुत्र दिपोनेगोरोच्या सैन्याचं मोठं चित्र काढलं. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या सदबीज लिलावात ते ५ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. दुसरे अफांदी. स्वातंत्र्यानंतर लगेच ते भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शांतिनिकेतनला येऊन राहिले होते. तिसरे हेंद्र गुनावान, बाजारात बसलेल्या बायांचे चित्रकार. १९६५ नंतर त्यांची बारा-तेरा वर्षं तुरुंगात गेली, आणि तिथेही ते रंगवत राहिले. त्यांच्या मासे विकणाऱ्या बाया आणि हुसेन यांच्या दळणाऱ्या बाया शेजारी ठेवल्या तर हेंद्र यांच्या जास्त बोलक्या ठरतील. त्या घासाघीस करतात, हसतात, रंगांनी अंगावर येतात. हुसेन यांच्या बाया आपल्याकडे बघतही नाहीत. कामातून मान वर काढायला त्यांना सवड नाही, आणि म्हणून मला त्या खऱ्या वाटतात.

हे चित्र आता ज्या संग्रहालयात लागेल तिथल्या मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. समोर मखमली बाक ठेवू नका. लांबून एका दृष्टिक्षेपात मावेल अशा भल्यामोठ्या दालनात तर मुळीच लावू नका. ऑस्लोच्या रुग्णालयाने ते बोळात टांगलं तेव्हा कलेचा विचार कितपत होता माहीत नाही, पण या चित्राला अरुंद जागा आणि समोरून चालती माणसंच हवीत.