आतड्याचा कर्करोग : मोजायचे काय?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील लेखांत ‘निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण’ हमखास दिलेले असते. हे प्रमाण वाढले म्हणजे तपासणीने प्राण वाचले, असा निष्कर्षही काढला जातो. आमच्या मते तो घाईचा आहे.

समजा, एकाला साठाव्या वर्षी त्रास होऊन निदान झाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी मृत्यू आला. हाच रोग तपासणीत सत्तावन्नाव्या वर्षी सापडला, पण मृत्यू त्रेसष्टाव्या वर्षीच आला, तर? निदानानंतरची वर्षे तीनाची सहा झाली. तो ‘पाच वर्षे जगलेल्यांत’ गेला. आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढले नाही.

हा चकवा कसा टाळावा, हे डेन्मार्कमधील फ्यून बेटावरील प्रयोगातून शिकता येते. १९८५ साली ओले क्रोनबोर्ग व सहकाऱ्यांनी तेथील ४५ ते ७५ वयाच्या लोकांतून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, सुमारे ३१,००० जणांचे दोन गट निवडले. एका गटाला दर दोन वर्षांनी विष्ठेतील, डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी देऊ केली, दुसऱ्याला नाही. दहा वर्षांत रुग्ण जवळजवळ सारखेच आढळले : ४८१ आणि ४८३. या रोगाचे मृत्यू मात्र २०५ आणि २४९. रोग पसरण्याआधी सापडला तर शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो, त्याचाच हा परिणाम. पहिल्या फेरीला सुमारे एक-तृतीयांश लोक आलेच नाहीत. त्यांनाही हिशेबातून वगळले नाही. जगलेली वर्षे न मोजता संपूर्ण गटातील मृत्यू मोजले, हा या प्रयोगाचा मोठा गुण.

आमचा आक्षेप आहे तो निष्कर्ष सांगण्याच्या रीतीवर. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले हे यश ‘मृत्यूंत १८ टक्के घट’ असे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ४४ मृत्यू कमी झाले ते ३१,००० माणसांत, दहा वर्षांत. म्हणजे हजारी दीडहूनही कमी. नुसता पहिला आकडा दिला तर लाभ फुगतो, नुसता दुसरा दिला तर नगण्य वाटतो. दोन्ही शेजारी-शेजारी द्यायला हवेत. शेकडेवारी शिकवताना हेच चार आकडे फळ्यावर मांडून पाहावेत.

एक गोष्ट विसरू नये. हा सारा हिशेब त्रास नसलेल्यांच्या तपासणीचा आहे. शौचावाटे रक्त जात असेल, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.